तिसरी फेरी

आत्याच्या पडवीत, दाराच्या डाव्या हाताच्या खुंटीवर, विजेरी आणि काठी यांच्या मधोमध लोकरीचा एक गोल गळपट्टा अडकवलेला असतो. हल्लीच्या मुली त्याला ‘काऊल’ म्हणतात. आत्या त्याला ‘माझं गळ्यातलं’ म्हणते आणि मला तिचाच शब्द अधिक नेमका वाटतो, कारण मफलरीसारखी त्याला दोन टोके नाहीत, गाठ मारायची नाही की खोचायचे नाही. डोक्यावरून घालायचा आणि जुन्या बायकांच्या गळ्यातल्या सरीसारखा मानेशी विसावू द्यायचा. रंग सोलकढीचा, तोही नारळाचा रस अंमळ सढळ हाताने घातलेल्या सोलकढीचा. वजन पन्नास-पंचावन्न ग्रॅम. हातात घेतला तर हाताला त्याची वार्ता लागायलाच क्षणभर वेळ लागतो. या एवढ्याशा वस्तूपाशी आपण आज थोडे बसू या. घाई नाही, आणि पाहण्यासारखे पुष्कळ आहे.

मालगुंडात लोकर कशाला, असे कुणाच्याही मनात येईल. समोर गायवाडीचा समुद्र, मागे माडापोफळींची गर्द सावली, आणि वर्षाचे दहा महिने अंगावरचा सुती पदरही जड व्हावा अशी दमट हवा. पण मार्गशीर्ष-पौषात इथे एक थंडी येते. आंब्याच्या डहाळीला मोहर सुचावा एवढीच, त्याहून कणभर जास्त नाही. त्या दिवसांत पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहत असतो, पायाखालची वाळू गार लागते, आणि मानेच्या मागच्या बाजूला, अंबाड्याच्या खाली जिथे केसांची सावली संपते नेमके तिथे त्या वाऱ्याचे बोट टेकते. सूर्य माडांच्या वर आला की तासाभरात सारे विरून जाते. अशा थंडीला स्वेटर म्हणजे अतिशयोक्ती. घोंगडी तर दुसऱ्याच ऋतूची आणि दुसऱ्याच स्वभावाची. दख्खनी मेंढीच्या राठ लोकरीची ती भरभक्कम वस्तू, तिची खोळ डोक्यावर घेऊन माणसे पावसात नांगरामागे चालत, पण तीच गळ्याशी घेतली तर मान लाल होईल. आत्याला हवी होती ती गळ्यापुरती ऊब, आणि तीही अशी की समुद्रावरच्या हवेला मज्जाव होऊ नये. ऊब राखते ती लोकरीत अडकून राहिलेली हवा. तेव्हा हवेलाच घरात जागा द्यायची, असे तिने ठरवले.

आता तो खुंटीवरून काढून पडवीच्या उजेडाकडे धरू या. प्रथम डोळ्यांत भरतात ती छिद्रे. ओळीने सहा, मग थोडा दाट भाग, पुन्हा सहा. आणि ओळीखाली ओळ अशी उतरत जाणारी, प्रत्येक ओळ किंचित कमानदार. विणकाम करणाऱ्या बायका याला जाळीची वीण म्हणतात. जाळी म्हटले की आपल्याला काहीतरी कापून, कोरून काढलेले आठवते, वाड्याच्या खिडकीतली लाकडी जाळी किंवा पिठाची चाळण. इथे काहीच काढून टाकलेले नाही. सुईवरचा धागा एकदा पुढे घेऊन तसाच सुईवर ठेवला, कोणत्याही टाक्यातून ओढला नाही, की पुढच्या फेरीत तिथे एक रिकामा फासा उरतो, तेच छिद्र. म्हणजे हे छिद्र हा वाढवलेला टाका आहे. आणि टाका वाढला की कापड फुगत जाणार, म्हणून जवळपास कुठेतरी दोन टाके एकत्र घेऊन एक कमी करायचा. या गळपट्ट्यात अशी सहाशे छिद्रे आहेत आणि बरोबर सहाशे जोड. पहिल्या फेरीला सुईवर १४० टाके होते, शेवटच्या फेरीलाही १४०च. सगळी घेणी-देणी चुकती करून हिशेबाची वही मिटावी, तसे हे विणकाम मिटते.

आता या सहा छिद्रांची आणि सहा जोडांची मांडणी पाहा, कारण खरी गंमत तिथेच आहे. छिद्रे आणि जोड एकाआड एक पेरले असते, तर सगळीकडे सारखी, सपाट, सभ्य जाळी झाली असती. आत्याने निवडलेल्या नमुन्यात तीन जोड सलग येतात, मग सहा छिद्रे, प्रत्येकानंतर एक सुलट, आणि पुन्हा तीन जोड. अठरा टाक्यांचा हा एक पट्टा. जिथे जोडांची दाटी झाली तिथे कापड आखडते आणि खाली खेचले जाते. जिथे छिद्रे आली तिथे ते पंख्यासारखे पसरते आणि वर उचलले जाते. परिणाम असा की सुईवर सरळ विणलेली फेरी सुईवरून उतरता उतरता आपोआप वाकते आणि तिची लाट होते. कुणी सुई वाकडी नेलेली नाही, कुणी कापड कातरलेले नाही. लाट ही केवळ दाटी आणि मोकळीक यांच्या ओढाताणीतून जन्मली. गायवाडीच्या वाळूवर ओहोटीच्या वेळी फेसाची रेघ उमटते ना, कमानीला कमान लागलेली, ती याच घडणीची. स्कॉटलंडच्या उत्तरेला असलेल्या शेटलंड बेटांवरच्या बायकांनी ही वीण पिढ्यान्‌पिढ्या विणली. तिथे तिला ‘ओल्ड शेल’ म्हणतात आणि त्या नावामागे शिंपला आहे असे मानतात. तिथल्या बायका इतक्या झिरझिरीत शाली विणत की सबंध शाल बोटातल्या अंगठीतून ओढून काढता यावी. त्या समुद्राकाठचा शिंपला या समुद्राकाठी येऊन पोचला, याचे मला नवल वाटत नाही. दोन्हीकडे बायका पाण्याकडे तोंड करून बसलेल्या.

या लाटेच्या चार फेऱ्या असतात. पहिली सबंध सुलट, दुसरी सबंध सुलट, चौथी उलट. जोड आणि छिद्रे येतात ती केवळ तिसऱ्या फेरीत. म्हणजे चारांतल्या तीन फेऱ्या नुसत्या वाट पाहण्याच्या. आत्या या तिन्हींत गप्पा मारते, कुकरच्या शिट्ट्या मोजते, गडग्यापलीकडून जाणाऱ्याची चौकशी करते. तिसरी आली की मात्र तिचा उजवा हात किंचित वर होतो आणि ती म्हणते, “थांब गं, तिसरी आहे.” मग पाच-सात मिनिटे घरात दुसरा आवाज नाही. फक्त तिचे पुटपुटणे, ‘दोन एक, दोन एक, दोन एक, धागा सुलट, धागा सुलट’, आणि हे शब्द हळूहळू इतके जलद होतात की त्यांचा अर्थ गळून जातो आणि नुसता ठेका उरतो. याच गावात १८६६ साली कृष्णाजी केशव दामले जन्मले, ज्यांना आपण केशवसुत म्हणून ओळखतो. त्यांच्या जन्मघरी त्यांचे स्मारक आहे आणि १९९४ साली कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले. खेळणाऱ्या मुली ‘जा पोरी जा’ भरभर म्हणू लागल्या की त्याचा ‘झपूर्झा’ होतो, हे त्यांच्या कानाने टिपले आणि त्या निरर्थक झालेल्या शब्दाला एका कवितेचे शीर्षक केले. तिसऱ्या फेरीत आत्याच्या ओठांवर जे होते ते मला त्याच जातीचे वाटते. तिथे मोजणे संपलेले असते आणि तरी एकही टाका चुकलेला नसतो.

दोन लाटांच्या मधोमध उभी आहे ती वेणी. हिच्यापाशी जरा अधिक रेंगाळायला हवे. विणकामात ज्याला सरसकट वेणी म्हणतात तो पुष्कळदा नुसता पीळ असतो, दोन पेड एकमेकांभोवती गुंडाळलेले, सुंभासारखा. तीन टाके एका बिनकामाच्या छोट्या सुईवर काढून ठेवायचे, पुढचे तीन आधी विणायचे आणि मग बाजूला ठेवलेले विणायचे. दर वेळी एकाच दिशेने ओलांडत गेले की पीळ होतो. आपल्या मुलींच्या पाठीवर जी रुळते ती वेणी तीन पेडांची, आणि तिचा नियम वेगळा. एकदा उजवा पेड मधल्यावरून जाणार, पुढच्या वेळी डावा. मधला कायम मधला राहत नाही, प्रत्येकाला आळीपाळीने मधे यायचे असते. आत्याने ही खरी वेणी घातली आहे. सहा टाके, दोन-दोनांचे तीन पेड. बाजूला काढलेले दोन टाके कापडाच्या मागे धरले की ओलांडणी उजवीकडे कलते, पुढे धरले की डावीकडे. एकदा मागे, एकदा पुढे, असे दर चौथ्या फेरीला. त्यासाठी बाजारात खास वाकडी सुई मिळते, आत्या केसांतला आकडा वापरते.

दर चौथ्या फेरीला, हे तुमच्या ध्यानात आले असेल. लाटही चार फेऱ्यांची. म्हणजे एका लाटेला एक ओलांडणी, अगदी सम साधल्यासारखी. पण यातली खुबी आणखी एक घडी उलगडल्यावर दिसते. ओलांडणी पहिल्या फेरीत येते आणि जाळी तिसऱ्या फेरीत. दोन्ही अवघड कामे एकाच फेरीत कधीच भेटत नाहीत. त्यामुळे विणणारीचे मन कधी दुभंगत नाही आणि पाहणाऱ्याची नजरही अडखळत नाही; वेणीने एक वळण घेतले, मग एक श्वास, मग लाट उसळली, मग पुन्हा एक श्वास. हा नमुना आत्याने कुठून तयार घेतला नाही. जाळी एका जुन्या वहीतली, वेणी हातातली, आणि दोघींचे लग्न तिने एका दुपारी चौकटीच्या कागदावर लावले. ते लावताना तिने कोणती फेरी कोणाला द्यायची याचा विचार केला होता की हाताने तो आपोआप केला, हे मी तिला विचारले. ती म्हणाली, “दोन पाहुणे एकदम आले की एकाचं तरी आदरातिथ्य राहतं.”

आता बोट फिरवून पाहा. वेणीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन उलट टाक्यांची एक पन्हळ आहे, कौलारू छपरातून पाणी उतरावे तशी वरून खाली गेलेली. तिच्यामुळेच वेणी उठून दिसते, कारण उलट टाके एकाखाली एक असे उभे आले की ते मागे सरतात आणि सुलट पुढे येतात. पण हेच उलट टाके लाटेच्या चौथ्या फेरीत आडवे येतात, आणि तिथे ते नेमके उलट वागतात. पुढे येऊन, बोटाला लागेल अशी बारीक वरंब्यासारखी रेघ होऊन, लाटेचा काठ उचलून धरतात. तोच टाका, त्याच हाताने घातलेला, उभा असला तर पडद्याआड जातो आणि आडवा असला तर रंगमंचावर येतो. वर्षानुवर्षे सुया चालवणाऱ्यांनाही हे कधीकधी बोटांनीच ठाऊक असते, शब्दांत नसते. मला हे या गळपट्ट्याने सांगितले, आणि तेव्हापासून कोणतेही विणलेले कापड मी आधी डोळे मिटून पाहते.

वेणी आणि जाळी यांचे स्वभाव परस्परविरुद्ध. वेणी कापड आखडते, जाळी पसरवते. वेणीच्या ओलांडणीत कापडाचे दोन थर एकावर एक येतात, जाळीत एक थरसुद्धा पुरता नसतो. नुसत्या वेण्यांचा गळपट्टा मानेला जड झाला असता, नुसत्या जाळीचा मानेवर कोसळून चोळामोळा झाला असता. इथे पाच वेण्या पाच खांबांसारख्या उभ्या आहेत आणि त्यांच्या आधाराने पाच लाटा निर्धास्त पसरल्या आहेत. आयर्लंडच्या पश्चिमेच्या अरान बेटांवर वेण्यांची वीण प्रसिद्ध झाली ती जाड, तेलकट लोकरीच्या स्वेटरांवर. तिथे तिचा घाट दोरखंडाचा. पातळ धाग्यावर आली की तीच वेणी वेगळ्याच वंशाची होते. केळीच्या सोपाच्या धाग्यात अबोली गुंफून आपल्याकडे जी वेणी करतात तिच्याशी तिचे नाते अधिक जवळचे. फुलांचाच भार, दोऱ्याचा नाही.

अरान बेटांचे नाव आले म्हणून एक आठवण इथेच सांगते. जॉन मिलिंग्टन सिंग या आयरिश नाटककाराचे ‘रायडर्स टू द सी’ हे एकांकी नाटक १९०४ साली डब्लिनमध्ये रंगमंचावर आले. त्यात समुद्रात बुडालेल्या भावाची ओळख पटते ती त्याच्या पायमोज्यावरून. बहीण टाके मोजते, आपण किती घातले होते आणि किती गळाले होते ते तिला पाठ असते. पुढे प्रत्येक घराण्याची वीण वेगळी असते अशी आख्यायिकाच त्या बेटांभोवती पसरली, तिला इतिहासाचा आधार नाही. पण त्या बहिणीचे मोजणे खोटे नाही. समुद्राकाठच्या गावात वाढलेल्या कुणालाही तो प्रसंग वाचताना हातातले काम खाली ठेवावे लागेल. आत्याला मी तो सांगितला तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग तिने सुईवरचे टाके पुन्हा एकदा मोजले.

मराठीत ‘विणणे’ हे क्रियापद फार उदार आहे. बाज विणतात, टोपली विणतात, मागावर लुगडे विणतात, सुयांवर स्वेटर आणि किनाऱ्यावर जाळे. पण या सगळ्यांत जाळे आणि जाळीची वीण शेजारी ठेवून पाहावी. जयगडच्या बाजूला बंदरावर जाळी दुरुस्त करत बसलेली माणसे आपण पाहिली असतील; सपाट सुईत सूत भरलेले आणि प्रत्येक आसाला, म्हणजे जाळ्याच्या घराला, एक गाठ. गाठ असल्यामुळे एक आस तुटला तरी शेजारचा शाबूत राहतो. आत्याच्या जाळीत एकही गाठ नाही, सुरुवातीचे आणि शेवटचे टोक आत लपवले आहे तेवढेच. प्रत्येक फासा खालच्या फाशातून वर आलेला आणि वरच्याला धरून ठेवणारा; एक निसटला तर त्याच्याखालचे सगळे शिडीच्या पायऱ्यांसारखे उतरत जाणार. बारा हजारांहून अधिक टाके असे केवळ एकमेकांच्या भरवशावर उभे आहेत, हे ध्यानात घेतले की हातातली ही हलकी वस्तू आपण आपोआप जपून धरू लागतो.

आणि ती गोल आहे. सुईच्या दोन टोकांना जोडणारी तार असते, तिच्यावर टाके चढवून फेरी पुरी करायची आणि न उलटता तशीच पुढे जायचे. फेरी म्हणतो खरे, पण कोणतीही फेरी स्वतःवर येऊन मिटत नाही. जिथून निघालो त्याच्या एक टाका वर आपण पोचलेले असतो. अठ्ठ्याऐंशी फेऱ्या म्हणजे वस्तुतः दोनशेहून अधिक मीटर धाग्याचे एकच चढत गेलेले वळण. इथून जवळच्या गणपतीपुळ्याला डोंगरालाच देव मानतात, म्हणून प्रदक्षिणा सबंध डोंगराला घालतात. समुद्राच्या बाजूने निघून माणूस देवळापाशी परत येतो आणि त्याला जागा तीच वाटते. आत्याच्या गळपट्ट्यात फेरीचा आरंभ शोधून पाहा. चौथ्या फेरीची उलट रेघ जिथे सुरू होते आणि जिथे संपते तिथे एका टाक्याची पायरी राहायला हवी. ती आहे, पण पन्हळीच्या आत, वेणीच्या सावलीत. मला ती सापडायला दोन दिवस लागले.

सगळ्यात अद्‌भुत घटना मात्र विणून झाल्यावर घडते. सुईवरून उतरलेला गळपट्टा पाहून कुणाचेही मन खट्टू व्हावे, इतका तो चुरगळलेला असतो. छिद्रे मिटलेली, लाटा एकमेकींत शिरलेल्या. आत्याने तो कोमट पाण्यात, रिठ्याच्या फेसात अर्धा तास बुडवून ठेवला. मग न पिळता पंच्यात गुंडाळून नुसता दाबला, खाटेवरच्या सतरंजीवर अंथरला आणि लाटेच्या प्रत्येक टोकाला टाचणी लावत हलके हलके ताणत नेला. ओली लोकर ताणाला वश होते आणि वाळताना तो ताण लक्षात ठेवते. दमट हवेत वाळायला दीड दिवस लागला. टाचण्या काढल्या तेव्हा मी समोर होते. जे आठवडाभर तिच्या मांडीवर नुसता लोकरीचा गोळा होते ते उघडे होऊन समोर पडले होते. सहाशे खिडक्या सताड, शंभर ओलांडण्या स्पष्ट, आणि वरचा-खालचा काठ कमानी-कमानींचा. फिकट एकरंगी लोकर घ्यायचा तिचा आग्रह का होता ते तेव्हा कळले. गडद रंगात वेणीची सावली बुडते आणि रंगीबेरंगी धाग्यात जाळी हरवते. या फिकट गुलाबीवर प्रत्येक टाका आपली स्वतःची छोटी सावली घेऊन बसला होता.

आजवर तिने किती विणले असेल! भावंडांच्या, भाच्यांच्या, शेजारणींच्या बाळांची टोपडी, मोजे, बंड्या. घाटावर राहणाऱ्यांसाठी स्वेटर. पुण्यामुंबईच्या आणि परदेशातल्या नातवंडांसाठी टोप्या. स्वतःच्या मापाचे तिच्या सुईवर आलेले हे पहिलेच, वयाच्या बहात्तराव्या वर्षी. तिने त्यासाठी आपली सगळ्यात अवघड जाळी आणि सगळ्यात खरी वेणी राखून ठेवली होती, असे मला वाटते. ती तसे म्हणत नाही.

डिसेंबर ते फेब्रुवारी ती पहाटे साडेसहाला तो घालून गायवाडीच्या वाळूवर गेलेली असते आणि येताना स्मारकावरून वळून, दूध घेऊन परतते. मालगुंडला आलात आणि तो हातात घेऊन पाहावासा वाटला, तर नऊनंतर या. तोवर तो खुंटीवर परत आलेला असतो.